अकरा बेचाळीसची विक्री

इस्माईल मुकादमांच्या उजव्या डोळ्यापुढे नवी काच सरकवून रेवती शिवलकरनं विचारलं, "आधीची बरी होती की ही?"

"ही. नाही, थांबा... आधीची."

मुकादम तीन ट्रॉलरचे मालक. डोळे अधू झाल्यापासून ते फोनकडून बातम्या मोठ्यानं वाचून घेत, आणि तपासणी चालू असतानाही खिशातला फोन बोलतच होता. रेवतीनं काच बदलली. फोनमधला आवाज म्हणाला, "मंगळवारच्या पडझडीचं मूळ अखेर सापडल्याचं समजतं. बाजार नियंत्रण मंडळाच्या 'मागोवा' यंत्रणेनुसार पहिली विक्री रत्नागिरीच्या रेवती उदय शिवलकर, वय एक्कावन्न, यांनी सकाळी अकरा वाजून बेचाळीस मिनिटांनी केली."

मुकादमांनी तपासणीची जड फ्रेम स्वतःच काढून टेबलावर ठेवली.

"वहिनी, ही तुम्ही?"

"मी विकले होते," रेवती म्हणाली. तिला स्वतःचाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला. "नव्वद युनिट. माझेच होते."

"माझे चौदा लाख गेले त्या दिवशी." मुकादम चिडले नव्हते. चिडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "तुम्हाला कुणी सांगितलं होतं काय?"

पुढच्या महिनाभरात हा प्रश्न तिला बँकेत, भाजीवाल्याकडे, वडोदऱ्याहून फोन करणाऱ्या मुलीकडून, सगळीकडून ऐकायचा होता. पण त्याची सुरुवात पाच मिनिटांत झाली. काउंटरवरचा फोन वाजला. उदय.

"मुकादम काय म्हणाला?" तिच्या नवऱ्यानं विचारलं. "त्यानं फ्रेम काढून ठेवली. मी बघितलं."

दुकानाच्या कोपऱ्यात वर कॅमेरा होता. सहा वर्षांपूर्वी उदयनं तो चोरांसाठी म्हणून बसवला. चोर कधी आले नाहीत. बंदरावरच्या बर्फाच्या कारखान्यात तो व्यवस्थापक होता आणि लाद्या मोजता मोजता दिवसभर फोनवर दुकान बघत असे. तो निळ्या शर्टवाला अर्धा तास काय करत होता? एक ते दीड दुकान बंद का होतं? कुणाशी हसत होतीस? तो कधी ओरडत नसे. फक्त विचारत असे, आणि उत्तर मिळालं की त्यातूनच पुढचा प्रश्न काढत असे.

"दुकान बंद कर आणि घरी ये," तो म्हणाला. "आपल्याला बोललं पाहिजे."

*

तेवीस दिवसांपूर्वीच्या त्या मंगळवारी, एक तास वीस मिनिटांत, देशातला शेअर बाजार जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यानं खाली आला होता. युद्ध नव्हतं, निवडणूक नव्हती, कुठली मोठी कंपनी बुडाली नव्हती. निवृत्तिवेतनाचे फंड, मुलांच्या शिक्षणाचे फंड, पतसंस्थांच्या ठेवी, सगळं एका दुपारच्या जेवणाच्या आत वितळलं. कारण नसलेलं संकट लोकांना सोसवत नाही. कुणीतरी केलं असलंच पाहिजे, असं रस्त्यावरचा प्रत्येक माणूस म्हणू लागला.

आणि कुणी केलं हे शोधायला आता यंत्र होतं. बाजारातले शंभरातले सत्त्याण्णव सौदे संगणकांचे प्रोग्रॅम करत. चार वर्षांपूर्वीच्या कायद्यानं अशा प्रत्येक प्रोग्रॅमची नक्कल मंडळाकडे ठेवणं सक्तीचं झालं, आणि प्रत्येक सौद्यावर सेकंदाच्या अब्जाव्या भागापर्यंत वेळेचा शिक्का बसू लागला. त्यामुळे होऊन गेलेला दिवस मंडळाला पुन्हा चालवून बघता येई, जसाच्या तसा. त्यातला एखादा सौदा काढून टाकायचा आणि दिवस पुन्हा चालवायचा. बाजार पडला नाही, तर तो सौदा कारण.

पण दिवसाला सौदे सहा कोटी. एकेक काढून बघायचं तर दोन-चार जन्म पुरले नसते. इथे मागोवा कामाला येई. नेच्याचं पान हातात घेतलं तर त्याची प्रत्येक फांदी म्हणजे छोटं पान असतं आणि त्या फांदीवरची पाती म्हणजे आणखी छोटं. बाजाराचा आलेखही तसाच. दिवसाच्या पडझडीचा जो खडबडीत आकार, तोच एका तासात दिसतो, तोच मिनिटात, तोच सेकंदात. मागोवा तो आकार ओळखत मोठ्याकडून लहानाकडे उतरत जाई आणि शेवटी एका सौद्यापाशी थांबे.

या खेपेला तो नव्वद युनिटपाशी थांबला होता. रेवतीच्या विक्रीनं एका फंडाचा भाव पाच पैशांनी घसरून एका ठरावीक आकड्याखाली गेला. एका प्रोग्रॅमनं तो आकडा धोक्याची खूण मानला आणि विकलं. ते बघून दुसऱ्यानं विकलं. पुढे मोजदाद नव्हती.

*

"तू विकलंस आणि मला सांगितलं नाहीस," उदय म्हणाला. जेवणाची ताटं तशीच होती. "माझे सगळे पैसे त्यातच होते. तुला माहीत होतं बाजार पडणार, आणि तू आपले तेवढे काढून घेतलेस."

"मला काही माहीत नव्हतं."

"मग त्याच दिवशी का? बरोबर अकरा बेचाळीसला का?"

"सहज."

"सहज," त्यानं शब्द उचलून बघितल्यासारखा म्हटला. "तू सत्तावीस वर्षांत सहज काय केलंस गो?"

हे मात्र खरं होतं. तिनं सहज काहीच केलं नव्हतं. अकरा एकतीसला तिनं सावंतवाडीला फोन केला होता, कॅमेऱ्याकडे पाठ करून, ग्राहकाशी बोलल्यासारखं. शैला पेडणेकर नावाच्या एका विधवा बाईंची वरच्या मजल्यावरची खोली भाड्यानं द्यायची होती. बाई म्हणाल्या, अनामत भरा, खोली तुमची. फोन ठेवून ती पाणी प्यायली, पाच-सहा मिनिटं भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघत बसली आणि मग तिनं लग्नाआधीच्या पगारातून घेतलेले नव्वद युनिट विकून टाकले. ती उदयला सोडून जाणार होती. त्यानं मारलं म्हणून नाही, दुसरी बाई होती म्हणूनही नाही. विचारलं असतं तर तिला एका वाक्यात कारण सांगता आलं नसतं, आणि म्हणूनच तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

त्या दिवसाच्या सगळ्याच विक्रीचे पैसे मंडळानं तेव्हापासून गोठवून ठेवले होते आणि आता सगळा देश तिला उदयच्याच सुरात विचारत होता.

*

मंडळाच्या तपास अधिकारी तन्वी मेश्राम शासकीय विश्रामगृहात उतरल्या होत्या. तिशी ओलांडलेली, भंडाऱ्याकडची, गणित शिकलेली बाई. खिडकीतून खाली समुद्र दिसत होता.

"तुमचं नाव बाहेर जायला नको होतं, ताई," तन्वी म्हणाली. "आमच्याकडून फुटलं. सॉरी."

"फुटलं की फोडलं?"

तन्वीनं क्षणभर तिच्याकडे बघितलं आणि चहा पुढे केला. "विकणं गुन्हा नाही. पण आतली माहिती कळून विकलं असेल तर गुन्हा आहे. मला फक्त कारण लिहायचं आहे. सांगा नं, का विकले?"

"पैसे लागत होते."

"कशाला?"

"घरचं काम."

तन्वीनं समोरच्या पडद्यावर एक फोन नंबर दाखवला. "विक्रीच्या अकरा मिनिटं आधी या नंबरला तुम्ही चार मिनिटं बोललात. आधी या नंबरला तुम्ही कधीच फोन केला नव्हता. कोण आहे हे?"

रेवतीनं खिडकीबाहेर बघितलं. समुद्रावर एक ट्रॉलर निघाला होता, मुकादमांचा असेल.

"मी विकलं नसतं तर काय झालं असतं?" तिनं विचारलं.

"मी शंभर वेळा चालवून बघितलं. तुमची विक्री काढली की त्या दिवशी बाजार पडत नाही."

इतके दिवस रेवतीला वाटत होतं, यंत्राची काहीतरी चूक असेल. चूक नव्हती.

"गुरुवारपर्यंत विचार करा," तन्वी म्हणाली. "कारण पटण्यासारखं नसेल तर मला फाईल पोलिसांकडे द्यावी लागेल. आणि हे तुमची बाजू घेऊन सांगते, पटण्यासारखं कारण फार मोठं लागत नाही."

*

बुधवारी मंडळाची लेखी नोटीस घरी आली. तीत तो नंबर छापलेला होता. रेवती दुकानात होती. दुकान उघडं होतं एवढंच, गिऱ्हाईक फिरकत नव्हतं. नोटीस उदयनं फोडली.

ती घरी आली तेव्हा तो ओट्याशी उभा राहून कांदा चिरत होता. त्यानं कधी कांदा चिरल्याचं तिला आठवत नव्हतं.

"शैलाबाई पेडणेकर चांगल्या आहेत बोलायला," तो म्हणाला. "खोलीला दोन खिडक्या आहेत म्हणे."

रेवती खुर्चीवर बसली.

"कोण आहे तिकडे सावंतवाडीत?"

"कुणी नाही."

"कुणी नाही आणि तू चाललीस?" सुरी थांबली. "मी तुला कधी हात लावला? कधी काही कमी पडू दिलं?"

"नाही."

"मग?"

त्याचे डोळे लाल झाले होते. कांद्यानं की कशानं, तिला कळेना. पहिल्यांदाच त्याच्या प्रश्नाच्या मागे दुसरा प्रश्न दबा धरून बसलेला नव्हता. तिला त्याची दया आली, आणि त्याच दयेनं तिला इतकी वर्षं या घरात बसवून ठेवलं होतं हेही लक्षात आलं.

"हे बघ," तो तिच्या समोर येऊन बसला. "मी उद्या तुझ्याबरोबर येतो. त्या मॅडमना सांगतो, मीच हिला विकायला लावलं. घरावरचे पत्रे बदलायचे होते. तो फोन पत्रेवाल्याचा समजून चुकून लागला. नवरा म्हणाला विक, बायकोनं विकलं. यावर कोण काय विचारणार? फाईल बंद."

रेवतीनं ते मनात चालवून बघितलं. खरोखरच कुणी काही विचारलं नसतं. मुकादमांनी, बँकेतल्या बाईंनी, मुलीनं, सगळ्यांनी मान डोलावली असती.

"आणि सावंतवाडीचं?"

"ते आपल्या दोघांत. मी विसरेन."

"तुम्ही विसरणार नाही," ती म्हणाली.

उदय उठून पुन्हा कांदा चिरू लागला.

*

गुरुवारी उदयनं सगळं व्यवस्थित सांगितलं. पत्र्यांचं मापसुद्धा सांगितलं. तन्वी लिहून घेत होती आणि तिच्या चेहऱ्यावर सुटकेचा भाव उघड दिसत होता.

"असं आहे होय. हे पहिल्यांदाच सांगायचं नं, ताई," ती म्हणाली. "मग मी लिहिते, पतीच्या सांगण्यावरून."

"नाही," रेवती म्हणाली.

"रेवती," उदय म्हणाला.

"हे खोटं आहे. यांना माहीतच नव्हतं. मी घर सोडून जाणार होते. सावंतवाडीला खोली बघितली होती, तिच्या अनामतीसाठी विकले. तो फोन घरमालकिणीचा. विचारून घ्या त्यांना."

तन्वीचं पेन थांबलं. "घर का सोडणार होता?"

"तेही लिहावं लागतं?"

"नाही," तन्वी हळूच म्हणाली. "ते नाही लागत."

उदय उठला. दाराशी जाऊन तो वळला. तिला वाटलं, आता काहीतरी विचारेल. पण तन्वीसमोर त्याला विचारता येईना. तो तसाच जिना उतरून गेला.

तन्वीनं समोरचा कागद बाजूला सारला. मग रेवतीनं मनात घोळत असलेलं बोलून टाकलं. "मॅडम, मी डोळे तपासते. पहिल्या काचेनं अक्षरं दिसली की माणूस खूश होतो, म्हणतो हाच नंबर. मी तसा लिहून देत नाही. पुढची-मागची काच लावून बघते. तुमच्या यंत्राची काच बदलून बघितलीत?"

तन्वीनं पेन खाली ठेवलं. "काच असते एक. किती बारीक पायरीनं खाली उतरायचं, ती पायरी. आम्ही ती सेकंदाची ठेवली."

"कुणी ठरवलं?"

"वरून ठरलं."

"बदलून बघता येईल?"

तन्वी खिडकीशी गेली. "तुम्ही इथल्याच नं? सांगा, तुमच्या जिल्ह्याला किनारा किती लांब?"

"पुस्तकात दीडशे-पावणेदोनशे किलोमीटर काहीतरी होतं."

"ते मोठ्या पट्टीनं मोजलेलं. छोटी पट्टी घेऊन प्रत्येक खाडीच्या आत शिरलात तर दुप्पट भरेल. प्रत्येक खडकाभोवती दोरी फिरवलीत तर आणखी कितीतरी. किनारा तोच, पण लांबी पट्टीवर ठरते. बाजारही तसलाच खडबडीत आहे. मला पहिल्या दिवसापासून शंका होती, की माणूसही पट्टीवरच ठरत असेल." ती वळली. "शंका होती, पण बघितलं नाही. बघू नका म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, ताई. पण कळतं नं माणसाला."

ती पडद्यापाशी बसली. पायरी अर्ध्या सेकंदाची केली आणि दिवस पुन्हा चालवला. दहा मिनिटं लागली. या वेळी मागोवा वसईतल्या एका दंतवैद्याच्या खरेदीपाशी थांबला. रेवतीची विक्री तशीच ठेवून ती काढली, तर बाजार पडला नाही. पाव सेकंद केला. कोइमतूरमधली एक गिरणी निघाली. तीही काढून बघितली, बाजार उभाच. आणखी बारीक केलं तेव्हा भोपाळमधला एक विद्यार्थी, ज्यानं तीन शेअर घेतले होते. विकलेही नव्हते.

चार वाजेपर्यंत अकरा नावं झाली. तन्वीचा चहा गार होऊन त्यावर साय धरली होती.

"म्हणजे मी नाही?" रेवतीनं विचारलं.

"तुम्हीही आहात. तेही सगळे आहेत. अजून खाली गेले तर हजारो असतील." तन्वीनं दुसरा एक आलेख उघडला आणि दार लागलंय का बघून घेतलं. "हे खरं बघायला हवं होतं. धडधाकट बाजाराचा आलेख खडबडीत असतो. कुणी विकतो, कुणी घेतो, एकाचं दुसऱ्याशी पटत नाही, म्हणून खडबड. तो खडबडीतपणा मोजता येतो. इथे बघा, तीन महिने तो रोज कमी होत चाललाय. सगळे प्रोग्रॅम एकमेकांकडून शिकत एकाच बाजूला झुकत होते. त्या मंगळवारी कुणी शिंकलं असतं तरी बाजार पडला असता. मंगळवारी नाही तर बुधवारी."

"हे मंडळाला आधी दिसत होतं?"

"रोज सकाळी हा आकडा माझ्या साहेबांच्या टेबलावर जायचा."

रेवतीला एकदम सगळं स्वच्छ दिसलं: नाव का फुटलं, पायरी सेकंदाची का ठरली. ज्यांना विचारायला हवं होतं तेच विचारणारे झाले होते.

"तुम्ही हे लिहाल?"

"परिशिष्टात लिहीन," तन्वी म्हणाली. "तेवढंच माझ्या हातात आहे. लिहिल्यावर मला कुठे पाठवतील तेही मला माहीत आहे."

*

तिनं लिहिलं. सहा आठवड्यांनी अहवाल आला तेव्हा त्यात परिशिष्ट नव्हतं. एका वर्तमानपत्रानं वीस ओळींची बातमी आतल्या पानावर दिली, की तपासात आणखी नावं होती म्हणे. मंडळानं तिचा इन्कारही केला नाही. तन्वी मेश्रामची बदली शिलाँगच्या प्रशिक्षण केंद्रात झाली. जाण्याआधी तिनं फोन करून रेवतीला एवढंच सांगितलं, की गुन्हा शाबीत नाही, खातं मोकळं झालं आहे, आणि अहवालात मात्र पहिली विक्री म्हणून तुमचंच नाव राहिलं आहे. "मला वाटलं होतं निदान नाव तरी काढतील," ती म्हणाली.

रेवतीनं दुकानाची किल्ली आणि कॅमेऱ्याचा पासवर्ड लिहिलेला कागद उदयच्या हातात दिला. मधल्या काळात तो तिच्याशी कामापुरतं बोलत होता. त्यानं कागद उघडून बघितला.

"पासवर्ड मला माहीत होता," तो म्हणाला.

"मला ठाऊक आहे."

तो तिची बॅग घेऊन फाटकापर्यंत आला. रिक्षात ठेवली. त्याच्या ओठांवर प्रश्न आलेला तिला दिसत होता, पण कुठला ते तिला कळलं नाही, आणि रिक्षा सुटली.

सावंतवाडीच्या गाडीत शेजारच्या बाईनं तिच्याकडे दोनदा वळून बघितलं आणि मग फोनमध्ये काहीतरी शोधून पुन्हा बघितलं. रेवतीनं तोंड लपवलं नाही. हे आता आयुष्यभर चालणार होतं. तिची विक्री काढली की बाजार पडत नाही, हे शंभर वेळा खरं ठरलेलं होतं, आणि बाकीची दहा माणसं आपापल्या गावात निवांत जेवत होती.

शैलाबाई पेडणेकर दारातच उभ्या होत्या. सत्तरीच्या, ठेंगण्या, हातात पीठ. रेवतीनं आपलं नाव सांगितलं. बाईंनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"मला तुमच्या घरनंही फोन आलेला. आणि त्या मॅडमचा पण," त्या म्हणाल्या. "बातम्यांतली ती तुम्हीच ना?"

"मीच."

"आमच्या ह्यांच्या पेन्शनीतले अर्धे गेले त्या दिवशी."

रेवतीनं बॅगेचा पट्टा पुन्हा खांद्यावर घेतला. गाडी परत कधी आहे ते तिनं उतरतानाच बघून ठेवलं होतं. बाईंनी पदराला हात पुसले, एक क्षण तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, आणि बाजूला सरून जिना मोकळा केला.

"वर चला," त्या म्हणाल्या. "पाणी सकाळी सहाला येतं. आणि उजवीकडची खिडकी जरा घट्ट बसते, जोर लावून उघडायची."